छाट नाही

संमतीपत्रावर अंगठा उमटेना.
सवयीनं मीच पुढे केला होता.
शाई लावली, पुसली, परत लावली,
नुसता काळा ठिपका, रेघ एक नाही.
रेशनच्या मशीनलाही हेच.
म्हटलं, डॉक्टर, सही येते मला, पण तेलुगूत. चालेल?
"तुमचंच नाव आहे ना? मग चालेल."
सावकाश लिहिलं : कुरापाटी नागमणी.

सिव्हिलच्या तिसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली,
चार पानं वाचून दाखवली तिनं.
एक ओळ मी दोनदा वाचायला लावली :
कधीही सोडून जाता येईल, कारण न सांगता.
छत्तीस वर्षं विड्या वळते मी.
असं वाक्य कुठल्या कागदावर नव्हतं.
लग्नाला तर कागदच नव्हता.

"मलमं दोन. एकात औषध, एक साधं.
कुणाला कुठलं, मलाही ठाऊक नाही."
डॉक्टरणीलाच ठाऊक नाही!
गल्लीतल्या बायका सूप सांडेस्तोवर हसल्या.
पैसे किती देतात? येण्याजाण्याचे दोनशे.
"उंदीर केला गं तुझा, अक्का."
असेल. पण उंदराला
कोण विचारतं आधी?

हातांचं सांगते. उन्हाळ्यात फुटतात,
थंडीत चिरतात, पावसाळ्यात पाणी सुटतं.
चिरेत तंबाखूची पूड बसते, आणि मग रात्री...
नको. रात्रीचं नको.
कडक भाकरी मोडताना एकदा रक्त लागलं तिला.
सुनेनं न बोलता ताट बदललं.
न बोलता.

वही दिली. झोपताना आकडा लिहायचा :
खाज किती, शून्य ते दहा.
आकडे मला येतात. पंचवीसचा कट्टा,
चाळीस कट्ट्यांची हजार, झोपेतसुद्धा चुकणार नाही.
पण खाज?
पहिल्या रात्री सहा लिहिलं, खोडलं, आठ केलं,
दिवा घालवल्यावर वाटलं,
सातच होती बहुतेक.

गड्ड्यावर नातीला पाळण्यात बसवलं,
घरी यायला बारा. वही राहिली.
सकाळी चार लिहून टाकलं. कुणाला कळतंय?

कारखान्यात चेकर सूप उपडं करतो.
ही जाड, ही पोकळ, हिचं तोंड नीट नाही,
छाट, छाट.
हजारातल्या साठ-सत्तर त्याच्या टोपलीत,
मजुरी नाही त्यांची,
आणि त्याच विड्या पुढे कुठं जातात
हे त्याला माहीत, आम्हालाही माहीत.
म्हणून आम्हीही शिकलो,
वाईट विडी कट्ट्याच्या पोटात लपवायची.

तो चार मला आठ दिवस टोचला.
पुढच्या खेपेला सांगितलं, मॅडम, हा खोटा आहे.
आता नाव कापणार म्हणून पिशवी उचलली होती.
तिनं त्यावर एकच आडवी रेघ मारली,
खालचा आकडा दिसेल अशी,
बाजूला तारीख घातली, सही केली.
म्हणाली, "राहिलं तर रिकामं ठेवा.
रिकामंही मोजतो आम्ही.
इथं छाट नाही."

अशोक चौकापर्यंत चालत आले त्या दिवशी.
रिक्षाचे पैसे वाचवायला नाही,
रिक्षा करायची असते हेच विसरले.

सोळा आठवडे झाले. मग वर्ष गेलं.
फोन आला : तुमचं साधं होतं.
विजयालक्ष्मी गुंडेटीला औषधाचं मिळालं होतं,
तिच्या बोटांवर आता मेंदी चढते.
पण मॅडम, मलाही मध्ये दोन महिने बरं होतं,
आकडे बघा, तीन-तीन, एकदा दोन,
ते कशानं?
"तेही लिहिलंय," ती म्हणाली,
आणि जरा थांबून, "नक्की मलाही सांगता यायचं नाही."

म्हणजे कुठल्याशा तक्त्यात
माझी न सुधारलेली बोटं आहेत.
नाव नाही, नंबर आहे : एक्केचाळीस.
औषधाचं मलम आता मलाही देणार आहेत,
सोमवारी बोलावलंय.

काल रेशनला गेले.
अंगठा ठेवला.
मशीन म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.
केला.